सकाळी ठीक, संध्याकाळी पापणी खाली : मायस्थेनिया ग्रेव्हिस समजून घेताना

शाळेत शिकवणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. वय 46. तक्रार अशी, की सकाळच्या पहिल्या तासाला आवाज खणखणीत असतो, पण शेवटच्या तासापर्यंत तो गेंगाणा होतो आणि मुले हसतात. संध्याकाळी डावी पापणी खाली येते. रात्री टीव्ही पाहताना एकाचे दोन दिसते. झोपून उठले की सगळे पुन्हा ठीक.

चष्म्याचा नंबर बदलून झाला होता. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन थोडे कमी होते. मीही पहिल्या भेटीत ‘दगदग होते आहे, विश्रांती घ्या’ असे सांगून बी-12ची इंजेक्शने लिहून दिली. त्या सकाळी दहाला आल्या होत्या आणि त्या वेळी तपासणीत काहीच सापडले नव्हते. तिसऱ्या भेटीत त्यांच्या मुलीने संध्याकाळी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. अर्धी मिटलेली पापणी आणि नाकातून येणारे बोलणे त्यात स्पष्ट दिसत होते. त्यानंतर मी त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. निदान झाले : मायस्थेनिया ग्रेव्हिस.

हा आजार तसा विरळ आहे. दर 10 लाख लोकांमागे साधारण 150 ते 250 जणांना तो असतो. पण वेळेवर ओळखला तर त्यावर चांगले उपचार आहेत, आणि ओळखला नाही तर तो श्वासापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून तो नेमका काय आहे हे रुग्णाने आणि घरच्यांनी समजून घेणे महत्त्वाचे आहे.

रिसेप्टर म्हणजे काय?

आपल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ आवरण असते. बाहेरून आलेला निरोप पेशीच्या आत पोहोचवायचा, तर या आवरणावर तो स्वीकारणारे कोणीतरी हवे. हे काम काही खास प्रथिने करतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. मराठी पुस्तकांत ‘ग्राही’ हा शब्दही वापरतात. रिसेप्टर म्हणजे कुलूप आणि निरोप घेऊन येणारे रसायन म्हणजे किल्ली, असे समजा. योग्य किल्ली लागली की कुलूप उघडते आणि पेशीच्या आत काम सुरू होते.

आपली मज्जासंस्था याच पद्धतीने चालते. एका मज्जातंतूतून विजेसारखा संदेश धावत येतो, पण त्याच्या टोकाशी एक अगदी बारीक फट असते. ती ओलांडण्यासाठी मज्जातंतू रसायन सोडतो आणि पलीकडच्या पेशीवरचे रिसेप्टर ते पकडतात. 1905 साली इंग्लंडमधील जॉन लँगली यांनी निकोटीन आणि क्युरारे या विषाचे स्नायूंवरील परिणाम पाहून, स्नायूच्या पेशीत असा ‘स्वीकारणारा पदार्थ’ असला पाहिजे असे मांडले. 1921 साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून मज्जातंतू रसायनामार्फत निरोप देतात हे दाखवले. त्यांना आणि हेन्री डेल यांना 1936 साली नोबेल पारितोषिक मिळाले. लोवी यांच्या प्रयोगातले ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. आपल्या आजाराचा संबंध याच रसायनाशी आहे.

हात उचलताना आत काय घडते?

समजा, तुम्हाला चहाचा कप उचलायचा आहे. मेंदूकडून निघालेला संदेश मज्जातंतूतून हाताच्या स्नायूपर्यंत येतो. त्यापुढचा क्रम असा :

1. मज्जातंतूचे टोक ॲसिटिलकोलीन फटीत सोडते.
2. स्नायूच्या आवरणावर, त्या टोकाच्या अगदी समोर, ॲसिटिलकोलीनचे रिसेप्टर दाटीने बसलेले असतात. एका रिसेप्टरला ॲसिटिलकोलीनचे दोन रेणू चिकटले की त्याच्या मधोमध असलेले दार उघडते.
3. त्या दारातून सोडियम स्नायूच्या पेशीत शिरते, पेशीत विद्युत लहर निर्माण होते आणि स्नायू आखडतो. कप उचलला जातो.
4. काम झाले की फटीतले एक एन्झाइम ॲसिटिलकोलीनचे लगेच तुकडे करते. तसे झाले नाही तर स्नायू पुढच्या निरोपाला नीट प्रतिसाद देऊ शकणार नाही.

हे सगळे काही हजारांश सेकंदांत होते आणि दिवसभर अखंड चालू असते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. आपण एकच हालचाल पुन्हा पुन्हा केली, की मज्जातंतू दर वेळी सोडत असलेले ॲसिटिलकोलीन थोडे थोडे कमी होत जाते. निरोगी माणसाला ते जाणवत नाही, कारण रसायन आणि रिसेप्टर दोन्ही गरजेपेक्षा बरेच जास्त असतात. गाठीला शिल्लक असली की महिनाअखेरीस ओढाताण होत नाही, तसेच हे.

बिघाड नेमका कुठे होतो?

आपली रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढण्यासाठी अँटीबॉडी, म्हणजेच प्रतिपिंडे, तयार करते. मायस्थेनियामध्ये ती चुकून स्वतःच्याच स्नायूंवरील ॲसिटिलकोलीन रिसेप्टरविरुद्ध अँटीबॉडी तयार करू लागते. या अँटीबॉडी तीन प्रकारे नुकसान करतात. काही रिसेप्टरची जागा अडवून बसतात, त्यामुळे किल्ली लागत नाही. काही दोन रिसेप्टर एकमेकांना जोडतात, मग पेशी ते आत ओढून नष्ट करते. आणि काही ‘कॉम्प्लिमेंट’ नावाच्या प्रथिनांना बोलावतात, जी स्नायूच्या आवरणाचा तो भागच खराब करतात.

मज्जातंतू ठीक असतो, स्नायूही ठीक असतो. मधला दुवा तेवढा कमजोर होतो. शिल्लक संपलेली असते. पहिल्या काही हालचाली जमतात, पण ॲसिटिलकोलीन थोडे कमी होताच उरलेल्या मोजक्या रिसेप्टरवर काम भागत नाही आणि स्नायू ढिला पडतो. थोडी विश्रांती घेतली की रसायन पुन्हा साठते आणि ताकद परत येते. ‘सकाळी ठीक, संध्याकाळी वाईट’ यामागचे कारण हे आहे. हा आळस नाही, ढोंग नाही आणि मनाचा कमकुवतपणाही नाही.

1973 साली अमेरिकेतील जिम पॅट्रिक आणि जॉन लिंडस्ट्रॉम यांनी विद्युत ईल या माशाच्या शरीरातून काढलेले रिसेप्टर सशांना टोचले. सशांच्या शरीराने त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार केल्या आणि ससे मायस्थेनियाच्या रुग्णांसारखे लुळे पडू लागले. या प्रयोगामुळे आजाराचे मूळ रोगप्रतिकारशक्तीत आहे हे दिसले आणि उपचारांची दिशा बदलली.

सगळ्याच रुग्णांत ॲसिटिलकोलीन रिसेप्टरविरुद्धच्या अँटीबॉडी सापडत नाहीत. ज्यांचा आजार शरीरभर पसरला आहे, अशा सुमारे 80 ते 85 टक्के रुग्णांत त्या असतात. उरलेल्यांपैकी काहींमध्ये ‘मस्क’ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी असतात. रिसेप्टर एका जागी दाटीने बसवण्याचे काम हे मस्क करते. त्या प्रकारात औषधांची निवड वेगळी असते, म्हणून ही तपासणी महत्त्वाची.

लक्षणे कशी ओळखावीत?

कोणत्याही वयात हा आजार होऊ शकतो. तरी स्त्रियांमध्ये तो बहुधा चाळिशीच्या आत आणि पुरुषांमध्ये साठीच्या आसपास किंवा नंतर दिसतो. तो संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने किंवा जवळ झोपल्याने होत नाही. सहसा आनुवंशिकही नसतो.

- एक किंवा दोन्ही पापण्या खाली येणे. दिवस चढेल तसे वाढणे
- एकाचे दोन दिसणे, आणि एक डोळा झाकला की ते थांबणे
- बोलता बोलता आवाज गेंगाणा किंवा बोबडा होणे
- भाकरी किंवा मटण चावताना जबडा थकणे, घास हाताने जबडा धरून चावावा लागणे
- गिळताना ठसका लागणे, पाणी नाकातून येणे
- केस विंचरताना, दोरीवर कपडे वाळत घालताना हात खाली येणे
- जिना चढताना किंवा जमिनीवरून उठताना मांड्यांत ताकद नसणे
- मान सावरता न येणे

अनेकांमध्ये सुरुवात फक्त डोळ्यांपासून होते. त्यातील बऱ्याच जणांत पहिल्या 2 वर्षांत इतर स्नायूंवरही परिणाम दिसू लागतो. म्हणून ‘फक्त पापणीच तर आहे’ म्हणून दुर्लक्ष करू नये.

या आजारात काय नसते, हेही पाहा. मुंग्या येत नाहीत, बधिरपणा येत नाही, शुद्ध हरपत नाही. डोळ्याची बाहुली मोठी होत नाही. चेहऱ्याची एक बाजू अचानक वाकडी झाली, एका बाजूचा हातपाय अचानक लुळा पडला, किंवा तीव्र डोकेदुखीसह पापणी एकाएकी बंद होऊन बाहुली मोठी दिसू लागली, तर तो मायस्थेनिया समजू नका. पक्षाघात किंवा मेंदूतील रक्तवाहिनीचा त्रास असू शकतो. वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात जा.

निदान कसे होते?

तपासणी करताना डॉक्टर रुग्णाला एक-दोन मिनिटे सतत वर पाहायला सांगतात. पापणी हळूहळू खाली येते का ते बघतात. पापणीवर काही मिनिटे बर्फाची पिशवी ठेवून ती वर उचलली जाते का, हेही पाहतात. थंडीमुळे ॲसिटिलकोलीनचे तुकडे करणारे एन्झाइम मंदावते आणि रसायन फटीत जास्त वेळ टिकते. हे पाहायला सोपे असले, तरी निदान त्यावर थांबत नाही. पुढील तपासण्या लागतात :

- रक्तातील ॲसिटिलकोलीन रिसेप्टर अँटीबॉडी. आजार फक्त डोळ्यांपुरता असेल, तर सुमारे निम्म्या रुग्णांतच ही तपासणी पॉझिटिव्ह येते. त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे आजार नाही, असे नव्हे.
- मज्जातंतूला पुन्हा पुन्हा सौम्य विद्युत झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजणे. मायस्थेनियात तो उतरत जातो.
- छातीचा सीटी स्कॅन. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. सुमारे 10 ते 15 टक्के रुग्णांत तिच्यात गाठ सापडते. तिला थायमोमा म्हणतात.
- थायरॉइडची तपासणी, कारण हे दोन्ही आजार कधी कधी बरोबर असतात.

नाग, कीटकनाशक आणि एक हुशार डॉक्टर

स्नायू आणि मज्जातंतू यांच्यातला हा दुवा आपल्याकडे ग्रामीण भागात काम करणाऱ्या डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचा आहे, पण वेगळ्या कारणाने. नाग चावला की त्याचे विष याच ॲसिटिलकोलीन रिसेप्टरवर जाऊन बसते. रुग्णाच्या पापण्या मिटू लागतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. मायस्थेनियात महिनोन्‌महिने जे घडते, ते इथे काही तासांत घडते. म्हणूनच सर्पदंशात पापण्या मिटत असतील, तर प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मिन हे इंजेक्शन, ॲट्रोपिनसोबत, दिले जाते. मण्यारीचे विष मज्जातंतूच्या टोकालाही इजा करते, त्यामुळे तिच्या दंशात या इंजेक्शनचा उपयोग तितका होत नाही.

ऑरगॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांनी विषबाधा झाली, की उलट घडते. ती ॲसिटिलकोलीन तोडणारे एन्झाइम बंद पाडतात. रसायन फटीत साचत राहते, तोंडाला लाळ सुटते, घाम येतो, स्नायू फडफडतात आणि मग लुळे पडतात. म्हणजे निरोप कमी पोहोचला तरी स्नायू बंद, आणि अति झाला तरी बंद.

1934 साली इंग्लंडमध्ये ग्रीनिच येथील रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. मेरी वॉकर यांच्या लक्षात आले, की मायस्थेनियाचे रुग्ण क्युरारे विषबाधेच्या रुग्णांसारखे दिसतात. क्युरारेवर उतारा म्हणून फायसोस्टिग्मिन वापरत. त्यांनी ते आपल्या रुग्णाला दिले आणि ताकद काही वेळासाठी परत आली. आज वापरली जाणारी गोळी याच विचारातून आलेली आहे.

उपचार : ताकद देणारी गोळी आणि आजार दाबणारी औषधे

रुग्णांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण दोन प्रकारची औषधे एकाच वेळी चालू असतात आणि त्यांची कामे वेगळी असतात.

*पायरिडोस्टिग्मिन.* ही गोळी ॲसिटिलकोलीन तोडणाऱ्या एन्झाइमला काही काळ रोखते. उरलेल्या रिसेप्टरना जास्त रसायन मिळते. साधारण अर्ध्या ते पाऊण तासात परिणाम सुरू होतो आणि 3 ते 4 तास टिकतो. म्हणून चावताना-गिळताना त्रास होणाऱ्यांनी ती जेवणाआधी अर्धा ते पाऊण तास घ्यावी. ही गोळी आजार बरा करत नाही. ती लक्षणांपुरती आहे. ॲसिटिलकोलीनचे रिसेप्टर आतड्यांत आणि लाळग्रंथींतही असतात, त्यामुळे पोटात कळ, जुलाब, लाळ हे त्रास होऊ शकतात. ‘आज थकवा जास्त आहे’ म्हणून स्वतःच गोळ्या वाढवू नका. डोस अति झाला तर ताकद वाढण्याऐवजी कमी होते.

*रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे.* प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, ॲझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट इत्यादी. ही औषधे अँटीबॉडी तयार होण्याचे प्रमाण कमी करतात. स्टेरॉइडबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत काही रुग्णांत अशक्तपणा उलट वाढतो, म्हणून बहुधा कमी डोसने सुरुवात करतात आणि लक्ष ठेवतात. आणि ती कधीही एकदम बंद करायची नसतात. ॲझाथायोप्रिनचा परिणाम दिसायला अनेक महिने लागतात. ‘दोन महिने घेतली, फरक नाही’ म्हणून ती सोडणे ही मी पाहिलेली नेहमीची चूक आहे. या काळात ठरल्याप्रमाणे रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या करत राहाव्या लागतात.

*थायमस काढण्याची शस्त्रक्रिया.* थायमोमा असेल तर गाठ काढावी लागते. गाठ नसली तरी ॲसिटिलकोलीन रिसेप्टर अँटीबॉडी असलेल्या, शरीरभर आजार असलेल्या, 65 वर्षांखालील रुग्णांना शस्त्रक्रियेचा फायदा होतो, हे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसले. ताकद सुधारली आणि स्टेरॉइड कमी लागले. मात्र हा फायदा हळूहळू, महिने-वर्षांत दिसतो.

*प्लाझ्मा बदलणे आणि इम्युनोग्लोब्युलिन.* रक्तातील अँटीबॉडी यंत्राने काढून टाकणे, किंवा निरोगी दात्यांच्या रक्तातून मिळवलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देणे. हे उपचार लवकर काम करतात, पण परिणाम काही आठवडेच टिकतो. गंभीर अवस्थेत किंवा शस्त्रक्रियेआधी ते वापरतात.

अलीकडे कॉम्प्लिमेंटला रोखणारी (उदाहरणार्थ एक्युलिझुमॅब) आणि अँटीबॉडी लवकर नष्ट करणारी (उदाहरणार्थ एफगार्टिगिमॉड) नवी औषधे आली आहेत. ती अतिशय महाग आहेत. मस्क प्रकारात रिटुक्सिमॅबचा चांगला उपयोग होतो. उपचाराच्या खर्चाबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते हे योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारा. जुनी, स्वस्त औषधे नियमित घेऊनही बहुसंख्य रुग्ण कामधंदा करू शकतात.

दुकानातून घेतलेली साधी गोळीही महागात पडू शकते

या आजारात हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. इतरांना चालणारी काही औषधे मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातील हा आधीच कमजोर झालेला दुवा आणखी कमजोर करतात. त्यांपैकी काही आपल्याकडे सर्रास घेतली जातात :

- जुलाबांसाठी किंवा लघवीच्या संसर्गासाठी घेतली जाणारी सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन
- घसा-खोकल्यासाठी ॲझिथ्रोमायसिन
- जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शने
- प्रोप्रानोलोलसारखी बीटा-ब्लॉकर गटातील औषधे. काचबिंदूसाठीचे टिमोलॉल थेंबसुद्धा
- मलेरियावरील क्विनीन
- शिरेतून दिले जाणारे मॅग्नेशियम
- बोटॉक्सची इंजेक्शने

फ्लॉक्सासिन गटाच्या औषधांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 साली मायस्थेनियाच्या रुग्णांसाठी सर्वांत कडक इशारा छापायला लावला. याचा अर्थ संसर्ग झाला तर अँटिबायोटिक घ्यायचेच नाही, असा नाही. संसर्ग अंगावर काढणेही तितकेच धोक्याचे आहे, कारण आजार एकदम बळावण्याचे ते प्रमुख कारण असते. योग्य पर्याय डॉक्टर निवडतील. त्यांना आजाराचे नाव माहीत असले पाहिजे, एवढेच. दाताच्या डॉक्टरांना, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आणि औषधाच्या दुकानदारालाही सांगा. ‘मला मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे’ असे लिहिलेला, चालू औषधे आणि तज्ज्ञांचा फोन नंबर असलेला कागद पाकिटात ठेवा. मोबाइल बंद पडला तरी तो कागद उपयोगी येतो.

ही लक्षणे दिसली तर रात्रीची वाट पाहू नका

सुमारे 15 ते 20 टक्के रुग्णांना आयुष्यात कधी ना कधी श्वासाच्या स्नायूंचा अशक्तपणा येतो. याला मायस्थेनिक क्रायसिस म्हणतात. खालीलपैकी काहीही झाले तर व्हेंटिलेटरची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच जा. 108 वर फोन करा :

- सपाट झोपल्यावर दम लागणे, उठून बसावेसे वाटणे
- स्वतःची थुंकी गिळता न येणे, वारंवार ठसका
- खोकण्यातली ताकद जाणे
- मान खाली पडणे
- एक वाक्य एका दमात पूर्ण न होणे

घरी करता येईल अशी एक ढोबळ चाचणी आहे. खोल श्वास घेऊन, एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला सांगा. निरोगी माणूस 50च्या आसपास पोहोचतो. रुग्ण 20 पर्यंतही पोहोचत नसेल, किंवा कालच्यापेक्षा आकडा बराच घसरला असेल, तर हा धोक्याचा इशारा समजा.

आणखी एक गैरसमज. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर 97 दिसते म्हणून अनेक जण निर्धास्त राहतात. या आजारात ऑक्सिजनचा आकडा अगदी शेवटी घसरतो. तोवर छातीचे स्नायू थकून गेलेले असतात. आकड्यावर नव्हे, लक्षणांवर विश्वास ठेवा.

गर्भारपण आणि बाळ

मायस्थेनिया असलेल्या स्त्रियांना मूल होऊ शकते. पण आधी नियोजन हवे, कारण मायकोफेनोलेट आणि मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक असतात आणि गर्भधारणेच्या पुरेशा आधी बदलावी लागतात. दिवस राहिल्यावर घाबरून सगळीच औषधे बंद करणे मात्र चुकीचे आहे. बाळंतपणात रक्तदाब वाढला तर एरवी मॅग्नेशियमचे इंजेक्शन देतात. इथे ते टाळावे लागते, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना सुरुवातीलाच सांगा.

आईच्या अँटीबॉडी नाळेतून बाळाकडे जातात. त्यामुळे साधारण 10 ते 20 टक्के बाळे पहिल्या काही दिवसांत मलूल वाटतात, दूध नीट ओढत नाहीत. त्या अँटीबॉडी नाहीशा झाल्या की, काही आठवड्यांत बाळ पूर्ण बरे होते. नवजात बालकांची सोय असलेल्या ठिकाणी बाळंतपण करावे.

मेंदूतील रिसेप्टरवरही असाच हल्ला होऊ शकतो

रिसेप्टर फक्त स्नायूंवर नसतात. मेंदूत स्मृती आणि विचारांसाठी लागणारे एनएमडीए नावाचे रिसेप्टर असतात. 2007 साली जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रिसेप्टरविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊन होणाऱ्या मेंदूच्या आजाराचे वर्णन केले. तो बहुधा तरुण मुलींमध्ये दिसतो. काहींच्या बीजकोशात गाठ असते. चांगली हसती-खेळती मुलगी काही दिवसांत असंबद्ध बोलू लागते, झोपत नाही, भास होतात, मग झटके येतात, तोंडाच्या विचित्र हालचाली होतात. घरचे तिला देवऋषीकडे नेतात किंवा हा केवळ मानसिक आजार समजतात. वर्तनातला बदल असा झपाट्याने झाला आणि सोबत झटके किंवा ताप असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. पाठीतील पाणी आणि रक्त तपासून निदान होते आणि उपचार लवकर मिळाले तर बहुतेक रुग्ण सुधारतात. उपचारांचे तत्त्व मायस्थेनियासारखेच आहे : अँटीबॉडी कमी करणे आणि गाठ असल्यास काढणे.

घरच्यांनी काय करावे?

- लक्षणे जास्त असतील तेव्हा व्हिडिओ काढा. डॉक्टरांची वेळ सकाळची असेल तर हाच पुरावा.
- गोळीची वेळ आणि त्रासाची वेळ एका वहीत लिहा. डोस ठरवताना त्याचा उपयोग होतो.
- मऊ खिचडी, दूध-भाकरी कुस्करून, वरण-भात असे जेवण द्या. थोडे थोडे, बसून, गप्पा न मारता. मुख्य जेवण ताकद जास्त असते त्या वेळी.
- कडक उन्हात, तापात अशक्तपणा वाढतो. कामे सकाळी उरका, मध्ये विश्रांती ठेवा.
- फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी टाळाव्या लागतात.
- एकाचे दोन दिसत असेल तर गाडी चालवू देऊ नका.
- ‘सकाळी तर धडधाकट होतीस’ हे वाक्य घरात बोलू नका. सकाळी ती खरोखर धडधाकट होती आणि संध्याकाळी खरोखर नाही.

सुरुवातीला सांगितलेल्या शिक्षिकाबाईंची थायमसची शस्त्रक्रिया झाली. गोळ्या अजून चालू आहेत. शाळेने त्यांचे तास सकाळच्या सत्रात घेतले आणि त्या शिकवत आहेत. आता माझ्याकडे कोणी ‘संध्याकाळी पापणी जड होते’ म्हणत आले, की मी त्यांना एकदा संध्याकाळी सहानंतर यायला सांगतो. तुमच्या किंवा घरच्या कोणाच्या बाबतीत असे होत असेल, तर तुमच्या डॉक्टरांनाही ते कोणत्या वेळी वाढते हे आवर्जून सांगा.

*हा लेख माहितीसाठी आहे. आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कोणतेही औषध सुरू, बंद किंवा कमी-जास्त करू नये.*